महाराजबागेत जावे की जाऊ नये?

(जरीपटका, नागपूर येथे उन्हाळी सुटीच्या प्रारंभी झालेल्या कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



उन्हाळ्याची सुटी लागली की नागपुरातील घराघरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. मुलांना न्यायचे कुठे? दुपारी बाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. सकाळचे दोन-तीन तास आणि सायंकाळ, एवढीच काय ती मोकळीक. अशा वेळी सर्वांत आधी जे नाव ओठांवर येते ते महाराजबागेचे. तीन-तीन पिढ्यांनी तेथे पहिला वाघ पाहिला, पहिला मोर पाहिला, शेंगदाण्याची पुडी हाती धरून हरणांच्या कुंपणापाशी उभे राहण्याचे सुख अनुभवले.

जरीपटक्यातील असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबा निवृत्त आहेत, मुलगा नोकरीत, सून शाळेत शिक्षिका. मोठी नात नववीत, धाकटा नातू पहिलीत. नातवाने हट्ट धरला आहे, "आबाजी, मला वाघ दाखवा." आबाजी लगेच म्हणतात, "चला, रविवारी सकाळीच निघू." इतक्यात नात पुस्तकातून मान वर करते आणि शांतपणे सांगते, "आबाजी, तुम्ही जा. मी येणार नाही. मागच्या वेळी तो बिबट्या एकाच रेषेत फिरत होता. भिंतीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. आपण निघालो तेव्हाही तो तसाच फिरत होता."

घरात क्षणभर शांतता पसरते. आबाजींना वाईट वाटते. ज्या जागेवर त्यांनी जन्मभर प्रेम केले, तिच्याविषयी नातीच्या मनात अशी भावना असावी, हे त्यांना सोसत नाही. नातही उद्धट नाही. तिने डोळ्यांनी जे पाहिले तेच ती सांगते आहे. आणि पहिलीतला तो मुलगा दोघांच्या तोंडांकडे पाहत राहतो. त्याला फक्त वाघ पाहायचा आहे.

आजच्या विषयाचे सारे मर्म या प्रसंगात आहे. ज्या प्राणीसंग्रहालयातील निवारे अपुरे आहेत, तेथे सुजाण कुटुंबाने जावे की जाऊ नये? प्रश्न लहान दिसतो, पण तसा तो नाही. सहलीच्या निमित्ताने मुलांच्या मनावर कोणता संस्कार होतो, आणि सार्वजनिक संस्थेविषयी नागरिकाचे कर्तव्य काय, या दोन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

एका बागेची कहाणी

महाराजबाग ही मुळात नागपूरकर भोसल्यांची बाग. या परगण्यावर इंग्रजांचा अंमल आल्यानंतर तिचे रूप पालटले आणि १८९४ साली तेथे प्राणीसंग्रहालय सुरू झाले. पुढे शेजारच्या कृषी महाविद्यालयाशी तिचा संबंध जडला. आज ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे. म्हणजे ज्या संस्थेचे मूळ कार्य पिके, बियाणे आणि शेतकऱ्यांची मुले यांच्याशी निगडित आहे, तिच्याच शिरावर वाघ-बिबट्यांच्या संगोपनाचाही भार आहे.

तेथील प्राण्यांपैकी अनेक हौसेने विकत आणलेले नाहीत. चंद्रपूर परिसरात आई गमावलेली बछडी, सापळ्यात जायबंदी झालेली जनावरे, विहिरीत पडलेले बिबटे असे अनेक जीव वर्षानुवर्षे तेथे आश्रयाला आले. 'जान' ही वाघीण अनाथ बछडी म्हणूनच नागपूरकरांना ठाऊक झाली. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात पाय अडकून अधू झालेला 'साहेबराव' हा वाघही आधी महाराजबागेत आणि नंतर गोरेवाड्यात राहिला. २०२० च्या जानेवारीत त्याला कृत्रिम पंजा बसविण्याचा प्रयोग झाला. तो त्याने झटकून टाकला, पण त्या प्रयत्नाची वार्ता देशभर गेली.

हे सारे खरे असले तरी दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने महाराजबागेची मान्यता रद्द केली. संमत बृहत् आराखड्याचा आणि पूर्णवेळ अधिकारी-तज्ज्ञांचा अभाव, ही त्यामागची ठळक कारणे होती. आदेशाला आव्हान दिले गेले, सुधारणांची हमी दिली गेली आणि प्राणीसंग्रहालय बंद पडले नाही. पण शंभरावर वर्षे जुन्या संस्थेवर अशी वेळ यावी, याचा अर्थ नात जे बोलली त्यात तथ्य होते.

ती येरझार काय सांगते?

बिबट्याची ती एकाच रेषेतील येरझार म्हणजे व्यायाम नव्हे. अस्वलाचे सतत मान डोलावणे हे नृत्य नव्हे. माकडाने स्वतःचे केस उपटणे हा चाळा नव्हे. प्राणीवर्तनाचे अभ्यासक याला साचेबद्ध वर्तन म्हणतात. ज्या जीवाची उपजत प्रेरणा शोधण्याची, दबा धरण्याची, हद्द राखण्याची आहे, त्याला यांतील काहीच करता आले नाही की ती शक्ती अशा निरर्थक आवर्तनांत झिजू लागते.

२००३ साली रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोन संशोधक महिलांनी 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांसाहारी प्राण्यांपैकी ज्यांचा निसर्गातील संचार सर्वांत मोठा, त्यांनाच बंदिवास सर्वांत अधिक बाधतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ध्रुवीय अस्वलाला मिळणारे आवार त्याच्या नैसर्गिक क्षेत्राच्या सुमारे एक दशलक्षांश इतकेच असते, असेही त्यात दाखविले होते. मध्य भारतातील वाघाचे क्षेत्र वीस-पंचवीस चौरस किलोमीटरपासून शंभराच्या पुढेही जाते. कोणतेही प्राणीसंग्रहालय एवढी भूमी देऊ शकत नाही. म्हणून प्रश्न केवळ जागेचा राहत नाही. त्या जागेत काय आहे, हा खरा प्रश्न आहे. लपायला झुडूप आहे का, चढायला ओंडका आहे का, डुंबायला पाणी आहे का, अन्न शोधावे लागेल अशी काही योजना आहे का? सपाट सिमेंटचे मोठे आवार आणि आडोसे-उंचवटे असलेले मध्यम आवार यांतले दुसरे जनावराला अधिक मानवते.

नागपुरात याला आणखी एक पदर आहे. नवतपात येथील पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. तेव्हा लोखंडी गज आणि सिमेंटची फरशी म्हणजे तापलेला तवाच. महाराजबागेत उन्हाळ्यात कूलर लागतात, हिरव्या जाळ्या बांधल्या जातात, पाण्याचे फवारे मारले जातात. त्या तुटपुंज्या साधनांत झटणाऱ्या रखवालदारांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. दोष बहुधा व्यवस्थेचा असतो. खराटा आणि बादली घेऊन पहाटे पिंजरा धुणाऱ्या माणसाचा तो क्वचितच असतो.

प्रेक्षक बदलला तेव्हा पिंजरा बदलला

पिंजरा हा काही निसर्गनियम नाही. तो माणसाने आपल्या सोयीसाठी बांधला आणि माणसानेच तो बदललाही. १९०७ साली जर्मनीत हॅम्बुर्ग येथे कार्ल हागेनबेक याने गजांऐवजी खंदकाची योजना करून मोकळी आवारे उभारली आणि जगभरच्या प्राणीसंग्रहालयांची दृष्टी पालटली. भारतही या विचारात मागे नव्हता. कोलकात्याच्या अलिपूर प्राणीसंग्रहालयाचे अधीक्षक राम ब्रह्म सन्याल यांनी १८९२ सालीच बंदिस्त प्राण्यांच्या संगोपनावर हस्तपुस्तिका लिहिली. एका भारतीयाने लिहिलेला तो ग्रंथ परदेशातही प्रमाण मानला गेला.

महाराष्ट्रातील उदाहरण पाहायचे तर पुण्याचे पाहावे. पेशवे पार्क १९५३ साली सुरू झाले. 'फुलराणी'त बसून वाघ पाहायला जाणे हा पुण्याच्या कित्येक पिढ्यांच्या बालपणाचा ठेवा. परंतु शहराच्या मध्यात, गोंगाटात, अरुंद पिंजऱ्यांत प्राणी ठेवणे योग्य नाही, हे हळूहळू मान्य झाले आणि तेथील प्राणी कात्रजच्या प्रशस्त उद्यानात हलविण्यात आले. पुणेकरांनी आपल्या आठवणी जपल्या, पण त्या आठवणींसाठी जनावरांना पिंजऱ्यात ठेवण्याचा आग्रह धरला नाही.

सर्कशीचे उदाहरण तर मराठी माणसाच्या अगदी जवळचे. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे सांगली परिसरातले. वाघ-सिंहांचे खेळ ही एकेकाळी सर्कशीची शान होती. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकविण्यास व त्यांचे खेळ करण्यास मनाई केली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २००९ साली प्राणीसंग्रहालयांतील हत्ती अन्यत्र, मोकळ्या तळांवर हलविण्याचा निर्देश निघाला. या प्रत्येक पावलामागे कायदा होता, हे खरे. पण कायद्याच्या आधी, 'हे पाहून आता आनंद होत नाही' असे म्हणणारी माणसे होती.

याच्या उलट अनुभव पांढऱ्या वाघाचा. १९५१ साली रीवा परिसरात 'मोहन' हा पांढरा बछडा पकडला गेला. गर्दी पांढरा वाघ पाहायला लोटते, हे ध्यानात आल्यावर त्याच्याच वंशात, जवळच्या नात्यांत पुनःपुन्हा प्रजनन करण्यात आले. त्यातून डोळ्यांचे व इतर दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरले. वन्यजीव संवर्धनाच्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही. तरीही ते झाले, कारण प्रेक्षकाला ते हवे होते. प्रेक्षक ज्याला टाळी देतो, ते वाढत जाते. म्हणून प्रेक्षक निर्दोष आहे, असे म्हणून कोणालाही सुटता येत नाही.

दोन प्रामाणिक मते

आता त्या घरातील वादाकडे वळू. नातीचे म्हणणे असे की, तिकीट काढणे म्हणजे संमती देणे. जे चूक वाटते त्याला पैसे देऊ नयेत, त्याची करमणूक करून घेऊ नये. लहान भावाने जर येरझार घालणारा बिबट्या पाहिला तर 'बिबट्या असाच असतो' हेच तो शिकेल. हा युक्तिवाद भक्कम आहे.

आबाजींचे म्हणणे असे की, आपण गेलो नाही म्हणून तो बिबट्या सुटणार आहे का? जो जंगलात परत जाऊ शकत नाही, त्याला कोठेतरी राहावेच लागणार. लोक येईनासे झाले तर शासनही लक्ष देणार नाही. आधीच तुटपुंजा असलेला निधी आणखी आटेल. आणि ज्याला ताडोबाच्या जीपचे भाडे परवडत नाही, त्या रिक्षावाल्याच्या मुलाने वाघ पाहायचा कुठे? हाही युक्तिवाद भक्कम आहे.

दोन्ही बाजू प्रामाणिक असल्या म्हणजे निर्णय अशक्य ठरतो, असे नाही. एक भेद ध्यानात घेतला तर गुंता बराच सुटतो. हे प्राणी तेथे का आहेत आणि तिकिटाचा पैसा काय करतो, हा तो भेद.

जेथे जनावर केवळ गल्ला भरण्यासाठी आणले जाते, तेथे प्रेक्षकाचा पैसाच त्या व्यवहाराचे इंधन असतो. गळ्यात अजगर घालून छायाचित्र काढून देणारे, माकडाला कपडे घालून नाचविणारे, मान्यता नसताना खाजगी जागेत पशुपक्षी मांडणारे, हे सारे या वर्गात येतात. तेथे न जाणे हेच परिणामकारक. गिऱ्हाईक थांबले की धंदा थांबतो.

परंतु जेथे संस्था सार्वजनिक आहे, शासन किंवा विद्यापीठ वा महापालिका ती चालविते, आणि प्राण्यांपैकी अनेक आश्रयाला आलेले आहेत, तेथे नुसत्या बहिष्काराने पिंजऱ्याचे दार उघडत नाही. उलट पाहणारा डोळा कमी होतो. पाकिस्तानातील इस्लामाबादच्या प्राणीसंग्रहालयातील 'कावन' हत्तीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८५ साली श्रीलंकेतून भेट आलेला हा हत्ती २०१२ साली जोडीदारीण गेल्यावर एकाकी झाला. तेथे येणाऱ्यांनी त्याची अवस्था पाहिली, ती जगापुढे मांडली, प्रकरण न्यायालयात गेले. २०२० साली तेथील उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि त्याच वर्षी तो कंबोडियातील अभयारण्यात पोहोचला. कोणीतरी तेथे गेले, कोणीतरी नीट पाहिले आणि पाहून गप्प बसले नाही, म्हणूनच हे घडू शकले.

'मोठे' म्हणजे 'निर्दोष' नव्हे

यावर कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला? नागपुरात आता गोरेवाडा आहे, तेथे जावे. काटोल मार्गावरील 'बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्याना'तील भारतीय सफारीचे उद्घाटन २६ जानेवारी २०२१ रोजी झाले. तेथे माणूस जाळीबंद गाडीत आणि प्राणी मोकळ्या आवारात, अशी उलटी व्यवस्था आहे. महाराजबागेच्या तुलनेत ती निश्चितच अधिक सुसह्य आहे. तिकीट मात्र महाग आहे आणि साऱ्या कुटुंबाचा खर्च प्रत्येकालाच झेपेल असे नाही.

पण तेथेही डोळे मिटून चालत नाही. २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. मोठे आवार असले म्हणून अन्नाची तपासणी, रोगप्रतिबंध, पशुवैद्यकांची संख्या हे प्रश्न संपत नाहीत. जागा पाहून निश्चिंत होणारा नागरिक आणि जागा पाहून नाक मुरडणारा नागरिक, दोघेही अर्धेच पाहतात.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बंदिस्त संगोपनाने काही जाती खरोखरच वाचल्या आहेत. अरबी ओरिक्स हे हरिणवर्गीय जनावर १९७२ पर्यंत निसर्गातून नाहीसे झाले होते. प्राणीसंग्रहालयांत जतन केलेल्या कळपांमुळे ते १९८२ साली ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडता आले. आपल्याकडे गिधाडांसाठी हरियाणातील पिंजोर येथे असेच काम झाले आणि तेथे वाढलेली गिधाडे २०२४ च्या जानेवारीत विदर्भातील पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. मात्र हे काम बव्हंशी प्रेक्षकांच्या गर्दीपासून दूर चालते. म्हणून 'संवर्धन' हा शब्द फलकावर लिहिला की प्रत्येक पिंजरा समर्थनीय ठरतो, असे मानू नये. काय वाचविले आणि किती परत सोडले, हे विचारावे.

घराने विचारायचे प्रश्न

मग जाण्यापूर्वी कुटुंबाने काय पाहावे? काही साधे प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न मान्यतेचा. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १९९२ साली केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या मान्यतेवाचून प्राणीसंग्रहालय चालविता येत नाही. ती मान्यता आहे का, आणि कोणत्या अटींवर आहे?

दुसरा प्रश्न निवाऱ्याचा. जनावराला माणसाच्या नजरेआड होण्याची जागा आहे का? ज्या आवारात प्राणी चटकन दिसत नाही, ते चांगले आवार, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर 'पैसे देऊन वाघ दिसला नाही' अशी तक्रार होते आणि त्या तक्रारीचे उत्तर म्हणून कोणीतरी झुडूप तोडते.

तिसरा प्रश्न सोबतीचा. कळपात राहणारा जीव एकटा ठेवला आहे का, आणि एकांतप्रिय जीव गर्दीत कोंबला आहे का?

चौथा प्रश्न विश्रांतीचा. नियमाने आठवड्यातून एक दिवस प्राणीसंग्रहालय प्रेक्षकांसाठी बंद असले पाहिजे. ती सुटी मुख्यतः प्राण्यांची आहे.

पाचवा प्रश्न फलकाचा. प्राणी कुठून आला, का आला, जंगलात परत का जाऊ शकत नाही, हे तेथे लिहिले आहे का? नुसते नाव आणि आयुर्मान लिहिणारा फलक मुलांना फारसे काही शिकवीत नाही.

आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा. घरची मुले तेथे कशी वागतात? प्राण्यांना डिवचणे, खायला टाकणे, आरडाओरडा करून त्रास देणे, आवारात कचरा फेकणे हे कायद्याच्या ३८-ज कलमाने निषिद्ध आहे. रविवारच्या सकाळी कोणत्याही प्राणीसंग्रहालयात जाऊन पाहावे. सुशिक्षित घरांतील वडीलधारी माणसे झोपलेल्या सिंहाला उठविण्यासाठी जाळी वाजविताना दिसतात. मूल शेजारी उभे राहून तेच शिकत असते. अपुरा पिंजरा शासनाने बांधला असेल, पण त्याच्यावर पडणारा खडा शासनाचा नसतो.

परंपरा काय शिकवते?

संविधानाने १९७६ पासून जीवमात्रांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांना भूक-तहान, भीती, वेदना, अस्वस्थता यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक असली पाहिजे, हे तत्त्व कायद्याच्या आधारे मान्य केले. या भूमीला ते नवीन नाही. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला नेताना ती तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणाऱ्या एकनाथांची कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. गावाच्या शिवेवर वाघोबाला शेंदूर लावणारी विदर्भातील माणसे वाघाला भीतही होती आणि मानही देत होती. जो शिवेवरचा देव, तो गावात आल्यावर केवळ तमाशा कसा होऊ शकतो?

आणि घर सुटणे म्हणजे काय, हे जरीपटक्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. फाळणीत सिंधमधील आपली घरेदारे सोडून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती फुलविली. मराठी निशाणाचे नाव मिरविणाऱ्या या वस्तीतील वृद्धांना ठाऊक आहे की, निर्वासिताला निवारा देणे हे पहिले पाऊल असते. निवाऱ्याला घरपण देणे हे दुसरे, आणि ते अधिक कठीण. जंगलातून उखडून आलेल्या जनावरांच्या बाबतीत समाजाने पहिले पाऊल टाकले आहे. दुसरे अजून बाकी आहे.

त्या घराचा निर्णय

तर त्या घराने काय ठरवावे?

आबाजी आणि नात यांनी एकमेकांना हरविण्याची गरज नाही. त्या घराने महाराजबागेत अवश्य जावे, पण करमणुकीसाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी. दवाखान्यात आजारी आप्ताला भेटायला माणूस जातो, त्या वृत्तीने. तेथे कोणी फराळाची मौज करीत नाही, मोठ्याने हसत नाही, आणि निघताना 'काही कमी-जास्त आहे का' असे विचारल्याशिवाय राहत नाही. नातीने वही न्यावी. कोणता प्राणी काय करीत होता, सावली किती, पाणी कसे, फलक काय सांगतो, हे तिने टिपून घ्यावे. आबाजींनी रखवालदाराशी दोन शब्द बोलावेत. त्याच्या अडचणी त्याच्याइतक्या कोणालाच ठाऊक नसतात.

घरी आल्यावर पत्र लिहावे. एक विद्यापीठाच्या प्रशासनाला, एक केंद्रीय प्राधिकरणाला, एक आपल्या लोकप्रतिनिधीला. पत्रात राग नसावा, नोंद असावी. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक आवारात हे दिसले, आणि हे व्हावे अशी विनंती आहे. जे चांगले दिसले तेही लिहावे. एका पत्राने काही होत नाही, हे खरे. पण एका वस्तीतून पन्नास घरांनी वर्षातून दोनदा अशी पत्रे पाठविली तर ती फाईलमध्ये दाबून ठेवणे सोपे नसते. निवेदन, पाठपुरावा आणि पुन्हा निवेदन ही रीत कार्यकर्त्यांना नवीन नाही.

आणि एवढे करूनही वर्षानुवर्षे काहीच हलले नाही तर? तर त्या घराने सहलीसाठी तेथे जाणे थांबवावे आणि का थांबविले, हेही लिहून कळवावे. न सांगता न जाणे म्हणजे केवळ अनुपस्थिती, आणि सांगून न जाणे हे मत. नातीचा नकार तेव्हा खऱ्या अर्थाने बळकट होईल, कारण त्याच्यामागे पाहणे, विचारणे आणि वाट पाहणे असेल.

राहिला पहिलीतला नातू. त्याला वाघ दाखवावा, पण वाघापाशी आरंभ करू नये. आधी त्याला पहाटे अंबाझरीच्या काठी न्यावे. बगळा एका पायावर किती वेळ उभा राहतो, ते मोजायला लावावे. अंगणातील मुंग्यांची रांग, कडुलिंबावरची खार, गच्चीवर पाण्याच्या परळाशी येणारा बुलबुल दाखवावा. मोकळा जीव कसा असतो, हे ज्या डोळ्यांनी आधी पाहिले आहे, त्याच डोळ्यांना पिंजऱ्यातील जीवाचे उणे कळते.

मग तो महाराजबागेत गेला आणि बिबट्या येरझार घालताना दिसला, तर तो टाळ्या पिटणार नाही. तो आजोबांचा हात ओढून विचारेल, "आबाजी, हा असा का करतो?"

त्या प्रश्नाला टाळाटाळ न करता उत्तर द्यावे. बिबट्याचे भले इच्छिणारा पुढचा नागरिक त्या उत्तरातूनच घडणार आहे. आणि उत्तर देऊन झाल्यावर, निघताना, त्या पिंजऱ्यापासून चार पावले मागे सरून थोडा वेळ शांत उभे राहावे. तेवढी शांतता तरी त्या जीवाला त्या दिवशी, त्याच क्षणी देता येते. तिच्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.